कलेजीचा डबा

माझ्या पोटाची गोष्ट सांगायची तर आधी जुन्या जालन्यातल्या मटणवाल्या मामाला पुढे बसवावं लागतं. डॉक्टर त्याच्या मागे. देव आणखी मागे, तेही जागा उरली तर. मामाचं नाव लिहीत नाही. आपलं नाव कागदावर आलं की पोलीस तरी दारात येतो नाहीतर सोयरा, असं त्याचं ठाम मत, आणि दोघांनाही चहा पाजायची त्याची तयारी नसायची. पण मी आज जेवतो, मशीन चालवतो, जिना चढतो आणि दिवसातून चारदा उगाच पोटावर हात ठेवून घाबरतो, हे सगळं त्या माणसामुळे. घाबरणं सोडून. ते माझं स्वतःचं, घरून आणलेलं.

मी कोकणातला. सातवीच्या परीक्षेच्या दिवशी भीतीने पोटात गोळा आला म्हणून घरी बसलो, तो पुन्हा शाळेत गेलोच नाही. आमच्याकडचे लोक शाळा सुटली की मुंबईला जातात. मी जालन्याला गेलो, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा. गावातल्या एका शिंप्याने जालन्याच्या कापडबाजारात दुकान टाकलं होतं, त्याला काजं-बटणं करायला माणूस हवा होता. निघताना आईने विचारलं, तिथून समुद्र किती लांब. मी म्हटलं, असेल जवळपास. एसटीत दीड दिवस बसून अंग आंबल्यावर कळलं की मी आईशी केवढं खोटं बोललो होतो.

ही गोष्ट नव्वद साल उलटल्यानंतरची. तोवर मी काजं-बटणांवरून कटिंगवर चढलो होतो आणि सातवी न झालेल्या मला आख्खी गल्ली ‘मास्तर’ म्हणत होती. मामाच्या मटणाच्या दुकानावर माडीची एक खोली होती, तिथे मी राहायचो. लग्न झालेलं नव्हतं. घरचं माणूस म्हणावं अशी दोनच, आणि ती दोन्ही कुत्री. एक तांबडी कुत्री, अर्धा कान तुटलेली, आणि तिचा थोराड मुलगा. दिवसभर मामाच्या ओट्याखाली बसायची, दुकान बंद झालं की जिना चढून माझ्याकडे यायची. मी भाकरी कुस्करून हाताने चारायचो, त्याच हाताने स्वतः जेवायचो, आणि कोकणी बोलायची हौस त्यांच्यावर भागवून घ्यायचो. ती चुका काढत नसत.

दुखणं कळलं ते शर्टावरून. माझा शर्ट मीच बेतलेला. तो उजव्या बाजूने ओढायला लागला. बरगडीच्या खाली चुणी पडायची, तिसरं बटण तोंड उघडायचं. मला वाटलं, बेतताना चूक झाली. उजवी शिवण उसवून अर्धा इंच सोडली. दोन महिन्यांनी पुन्हा अर्धा इंच. मग दुसराच शर्ट शिवला, तर तोही तसाच. टेलरच्या डोक्यात दोष नेहमी कपड्यातच असतो, अंगात असेल असं येतच नाही. शिवणीत सोडायला कापड उरलं नाही तेव्हा कुठे मी टेप स्वतःला लावली. मणक्यापासून बेंबीपर्यंत डावीकडून जेवढं भरलं, उजवीकडून त्यापेक्षा दीड इंच जास्त. तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा घाबरून टेप सैल धरली म्हणून पावणेदोन भरलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी पोट दाबलं आणि लिव्हर सुजलंय म्हणाले. मग चष्म्यावरून बघत विचारलं, किती पितोस. मी म्हटलं, चहा. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. त्यांनी दारू सोडायला सांगितली. जी धरलीच नव्हती ती सोडायची कशी या विचारात मी घरी आलो, तोवर बातमी माझ्याआधी गल्लीत पोचली होती. मालकाने बोलणं कमी केलं. बाकीच्यांनी मात्र माझ्याकडे जरा आदराने बघायला सुरुवात केली. तोपर्यंत मी भित्रा म्हणून माहीत होतो. दारू पितो म्हणजे माणसात थोडा दम असेल, असं त्यांना वाटलं असणार.

तीन आठवडे गोळ्या खाल्ल्या. शेवटच्या आठवड्यात ताप यायला लागला. मग मला एका सर्जनकडे पाठवलं. ते जालन्यातलेच, शिकल्या-सवरलेल्या जुन्या घरातले, आणि त्यांनी नुकतंच सोनोग्राफीचं मशीन आणलं होतं. पोटावर थंडगार चिकट काहीतरी चोपडून त्यांनी पडद्यावर मला आतून दाखवलं. मला ढगाळ आभाळाखेरीज काही दिसलं नाही. त्यांना यकृतात मोसंबीएवढा एक पोकळ गोळा दिसला. तापावरून आणि त्या गोळ्यावरून ते म्हणाले, गळू आहे, पू झालाय. उद्या सकाळी सुई घालून काढून टाकू, दोन दिवसांत घरी जाशील. मी त्यांना दीड इंचाचं सांगितलं. कोणी मोजलं, त्यांनी विचारलं. मी खिशातून टेप काढून दाखवली. त्यांनी ते माप केसपेपरवर लिहून घेतलं. आयुष्यात माझं काही कोणी कागदावर उतरवून घ्यायची ती पहिली वेळ.

परत आलो तेव्हा मामा दुकान आवरून लाकडी ओंडका घासत होता. काय म्हणाला डॉक्टर, त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं आणि वर रडलोही थोडा, कारण सुई केवढी असते हे सर्जनने हाताने दाखवलं होतं. मामाने घासणं थांबवलं. ठणकतं का, विचारलं. मी म्हटलं, ठणकत नाही, नुसतं जड वाटतं, कोणी आत पाण्याची पिशवी ठेवल्यासारखं. कधीपासून? शर्टाच्या हिशेबाने वर्ष तरी झालं.

“मास्तर, पू असला तं माणूस ठणकून ठणकून येडा व्हतो,” मामा म्हणाला. “अन् पू कोनाची वर्षभर वाट पाहत न्हाई. तुमचं हे पाणी हाय.”

मग त्याने मला त्याच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. हसनाबादच्या बाजूने म्हाताऱ्या मेंढ्या यायच्या, त्यातल्या काहींच्या कलेजीत पांढरे फुगे निघायचे. कधी लिंबाएवढे, कधी नारळाएवढे. वरून जाड पदर, आत नितळ पाणी, आणि त्या पाण्यात साबुदाण्यासारखे बारके फुगे. त्याच्या बापाने त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की त्याला सुरीचं टोक लावायचं नाही, आजूबाजूने कापून आख्खा काढायचा. एकदा टोक लागलं होतं. पाण्याची चिळकांडी थेट मामाच्या तोंडावर उडाली होती आणि ते बारके दाणे सगळ्या मालावर पसरले होते. मेंढी तर मेलेली होती, तिला काही फरक पडला नाही. पण जित्या माणसाच्या पोटात असं पसरलं तर काय, ते मामाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची त्याला इच्छाही नव्हती.

आता माझी पंचाईत बघा. एका बाजूला पदवी, भिंतीवर काचेत लावलेली. दुसऱ्या बाजूला बनियनवरचा खाटीक. सकाळी दहा वाजता सुई, आणि सुई चुकीची असली तर मी मेलो. शहाण्या माणसाने डॉक्टरला सरळ विचारलं असतं. मी मालकाला आजवर पगारवाढ मागितली नव्हती, सर्जनला काय विचारणार. मामाला म्हटलं, मला जमणार नाही. तो म्हणाला, तुम्ही जाऊन झोपा टेबलावर, मी माल घेऊन येतो.

मी खरंच जाऊन झोपलो. पोट उघडं, त्यावर तपकिरी औषध फासलेलं, शेजारी स्टीलच्या तबकात ती सुई. मी डोळे मिटून आईला मनात पत्र लिहीत होतो आणि ‘तीर्थरूप’मधला ती ऱ्हस्व की दीर्घ इथेच अडकलो होतो. तेवढ्यात बाहेर गडबड. सिस्टर कोणाला तरी सांगत होत्या की पेशंटला उपाशी ठेवलंय, डबा आत जाणार नाही.

“खायला न्हाई वो बाई,” मामाचा आवाज आला, “दाखवायला आनलाय.”

तो आत शिरला. लुंगी, कालचंच बनियन, हातात दोन पुडांचा डबा. सर्जनने हातमोजे घातले होते, त्यामुळे त्याला धक्का देऊन बाहेर काढता येईना. मामाने झाकण उघडून डबा त्यांच्या नाकाखाली धरला. पहाटे आलेल्या पहिल्याच म्हाताऱ्या मेंढीत त्याला हवं ते मिळालं होतं. कलेजीचा तुकडा आणि त्यात रुतलेला पांढरा गुळगुळीत फुगा, कोंबडीच्या अंड्याएवढा. मामा म्हणाला, साहेब, याच्या पोटात हे तर नसंल ना, तेवढं पाहून मंग सुई घाला. माझं काय, मी अडाणी माणूस.

सर्जन आधी लाल झाले. मग डब्यात वाकून बघत राहिले. बराच वेळ बघितलं. माणूस चांगला म्हणायचा तो इथे. दुसरा असता तर मामाला हाकलून आधी सुई घातली असती आणि मग विचार केला असता. ते म्हणाले, सिस्टर, हे तबक उचला. मग मामाला विचारलं, रोज किती कलेज्या बघता तुम्ही? मामा म्हणाला, पंधरा-वीस, बाजाराच्या दिवशी जास्त. सर्जन म्हणाले, मी आख्ख्या वर्षात तेवढ्या उघडून बघत नाही.

त्यांनी पुन्हा मशीन लावलं, माझी कूस बदलून, खालून, वरून. या वेळी त्यांना त्या गोळ्याच्या भिंतीला दुहेरी पदर दिसला. आत बारके गोल दिसले. मशीनवरून नजर न काढता त्यांनी मामाला सहज विचारलं की अशी कलेजी निघाली की तुम्ही काय करता.

“गिऱ्हाईक घेत न्हाई. कुत्र्याला टाकतो.”

सर्जन माझ्याकडे वळले. कुत्री पाळतोस का? मी म्हटलं, दोन. कुठे झोपतात? माझ्याजवळ. खायला कोण घालतं? मी, हाताने. तोंड चाटतात? यावर मी मामाकडे बघितलं. मामा डब्याचं झाकण लावत होता आणि ते काही लागेना.

सर्जनने समजावलं ते असं. त्या फुग्यात एका जंताची पिल्लं असतात. कुत्र्याने तशी कलेजी खाल्ली की जंत त्याच्या आतड्यात वाढतो, आणि त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडून गवतावर, अंगावरच्या केसांना, सगळीकडे लागतात. ती मेंढीने गवताबरोबर गिळली की तिच्या कलेजीत पुन्हा फुगा. मेंढी, कुत्रा, मेंढी असा हा फेरा. माणसाचं त्यात काही काम नसतं, तो मध्ये तडमडतो. म्हणजे मला मेंढीचा आजार झाला होता. गावाकडे कळवायलासुद्धा लाज वाटावी असा. आणि सुई घातली असती तर? ते पाणी पोटात सांडून एखाद्याचं अंग मिनिटात असं बिथरतं की रक्तदाब सापडत नाही, आणि त्यातून वाचला तर पोटभर नवे फुगे. सर्जन हे अगदी साध्या आवाजात बोलले.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. मामा डबा मांडीवर धरून होता.

“मास्तर,” तो शेवटी म्हणाला, “ते म्याच टाकत व्हतो.”

मी म्हटलं, “आणि मीच मुके घेत होतो, मामा.”

त्याला हसू आलं नाही. मलाही तसं आलं नव्हतं.

मग रक्त पुण्याला गेलं आणि मी औरंगाबादला, मोठ्या मशीनखाली. तिथे आणखी एक फुगा सापडला. हा डाव्या बाजूला, पानथरीत, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत प्लीहेत. यकृतातला कधीतरी बघायला मिळतो, पण पानथरीतला विरळा, आणि दोन्ही एकाच माणसात म्हणजे डॉक्टरांची चंगळ. एकाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने विद्यार्थ्यांना. माझ्या पोटाभोवती बारा जण उभे होते. सगळे इतके खूश की मलाही क्षणभर आपण काहीतरी मिळवलं असं वाटलं. परतीच्या एसटीत मात्र मी पोट दोन्ही हातांनी धरून बसलो, कारण कुठे आदळलं आणि फुटलं तर संपलं, असं सांगितलेलं होतं. रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला मी एकदा मरून घेत होतो. कंडक्टरने विचारलं, काही फुटायचं आहे का हातात. मी हो म्हटलं.

ऑपरेशनआधी महिनाभर गोळ्या होत्या, म्हणजे आतला जंत अर्धमेला व्हावा. त्या महिन्यात गल्लीने मला पुरता बरा करायचं ठरवलं. पानथरी वाढली म्हटल्यावर कोणी बिब्ब्याचा डाग द्यायला तयार, कोणी पोट चोळून जिरवणारी म्हातारी आणायला तयार. चोळायचं नाव काढलं की मला घाम फुटायचा. मामाने जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकलं आणि खिमा करता करता राखण केली. वर जायला निघालेल्याला तो सुरा न थांबवता विचारायचा, हात लावणार का? मग जायचं न्हाई. कुत्र्यांना त्याने जनावरांच्या दवाखान्यातून जंताचं औषध आणून पाजलं. वर येणं बंद झालं म्हणून ती जिन्याखाली बसून माझ्याकडे अशी बघायची की अपराधी मीच.

रक्ताची बाटली मामाने दिली. रोज सकाळी हात कोपरापर्यंत लाल असणारा माणूस, पण नळीतून स्वतःचं जाताना दिसलं आणि तो खाटेवर आडवा झाला. त्याला पाणी मारायला दोन सिस्टर लागल्या. यावर मी कधी चेष्टा केली तर तो म्हणायचा, ते जनावराचं असतं, हे माझं व्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जालन्याच्या त्याच सर्जनने मला सगळं सांगितलं, माझी भीती जावी म्हणून. ती उलट वाढली, पण काम म्हणून मला ते आवडलं. पोट उघडल्यावर फुग्याच्या चारी बाजूंनी खारट पाण्यात भिजवलेले कपडे गच्च बसवायचे, म्हणजे थेंब सांडला तरी कपड्यात. मग आतलं शोषून घ्यायचं, आतला पदर आख्खा बाहेर ओढायचा आणि उरलेल्या पोकळीत पोटातलाच चरबीचा पडदा भरून टाकायचा. म्हणजे अस्तर. मी विचारलं, कपडा कुठला वापरता. ते म्हणाले, असेल साधा सुती. मी म्हटलं, मांजरपाट घ्या, धुतलेला, तो जास्त पितो. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी काय वापरलं हे मी शुद्धीत नसल्यामुळे सांगू शकत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मामा पायाशी बसला होता आणि त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की थेंबसुद्धा सांडला नाही, मी डॉक्टरला दोनदा विचारलं. काचेच्या बरणीत माझे फुगे ठेवले होते, सोललेल्या द्राक्षांसारखे. नंतर दोन वर्षं मी द्राक्षांच्या गाडीवरून तोंड फिरवून गेलो. पानथरी सबंध काढली होती. तिच्यावाचून चालतं, सर्जन म्हणाले, फक्त ताप आला तर घरी बसायचं नाही, लगेच यायचं. चालत असेल तर देवाने दिलीच कशाला, मी विचारलं. ते त्याला विचार, ते म्हणाले, माझ्याकडे फक्त काढायचं खातं आहे. टाके बघितले. अंतर सारखं होतं, दोरा एकाच ताणाचा. शेवटची गाठ मी असतो तर आत दडवली असती, पण बोललो नाही.

मामाने त्यानंतर तशी कलेजी कधी कुत्र्यांपुढे टाकली नाही. दुकानामागे खोल खड्डा केला, चुना टाकून पुरायला लागला, आणि जुन्या जालन्यातल्या प्रत्येक मटणवाल्याशी त्यावरून भांडला. ते म्हणायचे, तुला काय डॉक्टरकी लागली का. तो म्हणायचा, मास्तरचं पोट पाहून या मंग. आणि लोक खरंच बघायला यायचे. मी शर्ट वर करून दाखवायचो.

आता मामाचं दुकान नाही. तो परतूरला मुलीकडे राहतो. वर्षातून दोनदा मी रेल्वेने जातो, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीतून त्याचं घर गाठतो आणि एकच विषय काढतो. सर्जनने तेव्हाच सांगितलं होतं की तुम्हीही एकदा पोट तपासून घ्या, जन्म त्याच मालात आणि त्याच कुत्र्यांत गेला तुमचा. मामा आज जाऊ, उद्या जाऊ करत इतकी वर्षं टाळत आला. मागच्या खेपेला तो बाजेवरून उठताना उजव्या बरगडीखाली हात धरून उठला. मी बघितलं हे त्याने बघितलं. वात हाय, म्हणाला.

मी म्हटलं, अहो, सुईसुद्धा नसते. नुसतं थंड काहीतरी लावतात.

“मास्तर, म्या जिंदगीभर उघडून पाह्यलं आत काय असतं ते,” तो म्हणाला. “म्हणून तं माझं पाहायचं न्हाई.”

त्याच्या मुलीला मी फितवून ठेवलंय. कापसाची गर्दी सरली की जीप घेऊन जाणार, सोयऱ्याकडे जेवायला जायचंय असं सांगून त्याला बसवणार आणि थेट त्या सर्जनच्या दारात उतरवणार. तो मला शिव्या देईल. माझ्या आईबापाचाही उद्धार करील. देऊ दे. पडद्यावर काही नाही असं निघालं तर त्याला घरी आणून सोडीन. काही निघालंच, तर त्याच्या दाराच्या तोंडाशी स्टूल टाकून आता मी बसेन. मला सुरा धरता येत नाही, कात्री घेऊन बसेन. पण मामा, एकदा तुम्हाला त्या टेबलावर झोपवल्याशिवाय मी राहणार नाही, हे इथे लिहून ठेवतो.